बाँबर विमानाचा म्हणून विकला जाणारा मीटर खरंच बाँबरचा आहे का?

‘लँकेस्टर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश विमान) बाँबरचा अस्सल अल्टिमीटर’, म्हणजे उंची दाखवणारा मीटर, असं लिहून जे विकलं जातं, तो बहुतेक वेळा अल्टिमीटर असतो आणि अस्सलही असतो. तो लँकेस्टरचा असतोच असं नाही.

दुसऱ्या महायुद्धात विमानं बांधणाऱ्या कंपन्या मीटर स्वतः बनवत नव्हत्या. सरकार मीटरांची घाऊक ऑर्डर देई, माल गोदामात येई आणि तिथून ज्या विमानाला हवा त्याला जाई. एकाच नंबरचा उंची दाखवणारा मीटर लँकेस्टरमध्ये बसे, हॅलिफॅक्स बाँबरमध्ये बसे, तसाच शिकाऊ वैमानिकांच्या अ‍ॅन्सनमध्येही. बिघडला की मेकॅनिक तो काढून दुसरा लावी, काढलेला दुरुस्त होऊन तिसऱ्याच विमानात जाई. म्हणून हातातल्या वस्तूला पाच प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. हे काय आहे? कोणत्या देशाचं? कधीचं? कोणत्या जातीच्या विमानाचं? नेमक्या कोणत्या विमानाचं? मागच्या पाटीवरचा नंबर पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर चोख देतो आणि तिसऱ्याचं बऱ्यापैकी देतो. चौथ्याला तो क्वचितच पुरतो, पाचव्याला कधीच नाही. विक्रेत्याची कहाणी मात्र नेमकी चौथ्या-पाचव्या प्रश्नावर उभी असते आणि किंमतही त्यावरच ठरते.

हात लावण्याआधी

रात्री दिसावेत म्हणून त्या काळच्या तबकड्यांवरचे आकडे आणि काटे किरणोत्सर्गी रेडियम मिसळलेल्या रंगाने रंगवत. रेडियम-२२६ निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. म्हणजे १९४३ सालच्या मीटरमधलं रेडियम आज जवळपास तेवढंच आहे. संपतं ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड. किरणांचा मारा खाऊन खाऊन ते निकामी होतं आणि चमक जाते. म्हणून ‘अंधारात चमकत नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज साफ चुकीचा आहे. उलट न चमकणारा, तपकिरी किंवा मळकट पिवळा पडलेला, भेगा गेलेला रंग जास्त त्रासाचा, कारण तो सुटून त्याची भुकटी होते.

काच शाबूत असेल तर अल्फा किरण आतच अडतात, बीटा बरेच अडतात, गॅमा बाहेर येतात. शाबूत मीटर कपाटात हातभर लांब ठेवला तर त्याची फार धास्ती घ्यायचं कारण नाही. खरा धोका मीटर उघडण्यात आहे. रेडियमची भुकटी श्वासातून किंवा बोटांवरून पोटात गेली की हाडांत जाऊन बसते. म्हणून काच फुटलेला मीटर हलवून ‘आत काही वाजतंय का’ पाहू नका, तोंडाने फुंकर मारू नका, तबकडी पुसू नका. हातमोजे घाला, जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत एकात एक बांधा, वर ‘रेडियम’ असं लिहा आणि नंतर हात साबणाने धुवा.

तपासायला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, लागतो. स्वस्तातला बीटा-गॅमा मोजणाराही इथे चालतो. आधी खोलीतलं वाचन घ्या. आपल्याकडे ते साधारण तासाला ०.१ ते ०.२ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास दिसतं. मग यंत्र काचेला जवळजवळ टेकवून पाहा, नंतर मीटरच्या पाठीमागून आणि बाजूने. रेडियमचा मीटर असेल तर काचेजवळ आकडा लगेच कितीतरी पट वर जातो आणि अर्धा मीटर मागे सरकलं की झपाट्याने उतरतो. रेडियममधून रेडॉन वायू सतत निघत राहतो, म्हणून असे दहा-बारा मीटर हवाबंद पेटीत किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नयेत. कपाट हवेशीर हवं.

नको झालेला मीटर भंगारात मात्र टाकायचा नाही. भट्टीत गेला तर अख्खा घाणा दूषित होतो. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे माणूस दगावला. तो स्रोत कैक पटींनी तीव्र होता, पण रस्ता हाच, भंगाराचा. भारतात अशा वस्तूंबाबत विचारायची जागा म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषद, मुंबईच्या अणुशक्तीनगरात.

दुसरी धोक्याची गोष्ट म्हणजे रडारच्या काही पेट्या. ‘शत्रू की मित्र’ हे ओळखणाऱ्या आयएफएफ संचात, पेटी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून, आतली यंत्रणा उडवणारा छोटा स्फोटक डिटोनेटर असे. पेटीवर लाल रंग, धोक्याची सूचना किंवा डिटोनेटरसाठी वेगळं भोक दिसलं तर पेटी उघडू नये, तारा जोडू नयेत. आतलं स्फोटक काढून टाकलं आहे हे जाणकाराने पाहिल्याशिवाय गृहीत धरायचं नाही.

आधी एकक वाचा, मग नंबर

देश ओळखायला पाटी लागतेच असं नाही. तबकडीवरचं एकक पुरतं. सगळ्यांत बोलका असतो इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवणारा मीटर. एकच गोष्ट तीन देशांनी तीन तऱ्हांनी मोजली.

ब्रिटिश मीटरवर मध्येच शून्य असतं, त्याच्या एका बाजूला उणे आणि दुसऱ्या बाजूला अधिक आकडे. शून्य म्हणजे समुद्रसपाटीचा नेहमीचा हवेचा दाब, एकक पौंड प्रति चौरस इंच आणि नाव ‘बूस्ट’. अमेरिकन मीटरवर उणे काही नसतं. तो एकूण दाब पाऱ्याच्या इंचांत दाखवतो, नाव ‘मॅनिफोल्ड प्रेशर’. जर्मन मीटरही एकूण दाबच दाखवतो, पण ‘एटीए’ या एककात, म्हणजे साधारण वातावरणाच्या पटीत, आणि आकडे १ च्या अलीकडे-पलीकडे दशांशात असतात. ब्रिटिश +९ म्हणजे एकूण २३.७ पौंड. तोच दाब अमेरिकन तबकडीवर सुमारे ४८ इंच दिसेल आणि जर्मन तबकडीवर सुमारे १.६७. एकदा हे डोक्यात बसलं की बूस्टचा मीटर दुरूनही ओळखता येतो.

उंचीच्या मीटरवर मोठ्या आकड्यांसोबत एक छोटी खिडकी असते. त्या दिवशीचा हवेचा दाब तिथे लावायचा असतो. फूट आणि खिडकीत १०१३ च्या आसपासचे मिलिबार असतील तर ब्रिटिश. फूट आणि खिडकीत २९.९२ च्या आसपासचे इंच असतील तर अमेरिकन. तबकडीवर किलोमीटर असतील तर जर्मन, सोव्हिएत वगैरे. वेगाच्या मीटरवर मैल, नॉट किंवा किलोमीटर. जपानी तबकडीवर चिनी लिपीची अक्षरं असतात. नौदलाचा वेग नॉटमध्ये आणि भूदलाचा किलोमीटरमध्ये, एवढ्यावरूनही त्यांच्यात फरक करता येतो.

आकारावर मात्र विसंबू नका. अमेरिकन मोठ्या मीटरचं माप ३⅛ इंच, म्हणजे ७९.४ मिलिमीटर, आणि जर्मन मोठ्याचं ८० मिलिमीटर. फूटपट्टीने हा फरक कळत नाही.

ब्रिटिश नंबर कसा वाचायचा

ब्रिटिश वस्तूवर मुकुट आणि त्याखाली ‘ए.एम.’ ही अक्षरं दिसली की ती एअर मिनिस्ट्रीची, म्हणजे ब्रिटनच्या हवाई खात्याची. सोबत ‘रेफ. नं.’ असतो: एक आकडा, एक अक्षर, तिरपी रेघ, मग आणखी आकडे. तिरप्या रेघेआधीचा भाग म्हणजे गोदामातला विभाग. ६ए हा विमानातल्या मीटरांचा मुख्य विभाग, ६बी दिशादर्शनाच्या उपकरणांचा, ६डी ऑक्सिजनच्या साहित्याचा. ५सी म्हणजे विजेची बटणं, खटके, जोडण्या. १० पासून सुरू होणारं सगळं रेडिओचं: १०डी मध्ये अख्खे संच, १०ई मध्ये व्हॉल्व्ह (रेडिओतल्या काचेच्या नळ्या), १०एफ मध्ये स्विच आणि मोर्सच्या कळा. १४ए म्हणजे कॅमेरे, १५ए पॅराशूट, २२सी वैमानिकांचे कपडे, टोप्या, चष्मे.

म्हणजे तिरप्या रेघेपुढचे आकडे पुसले गेले असले तरी नुसत्या ‘५सी’ वरून ती वस्तू उड्डाणाचा मीटर नाही, विजेच्या खात्यातली आहे, हे कळतं. लिलावात ‘बाँब सोडायचं बटण’ म्हणून येणारे कित्येक ५सी खटके प्रत्यक्षात साध्या दिव्यांचे असतात, कारण तोच खटका दोन्ही कामांना चाले. खटक्याखाली काय कोरलेलं होतं हे पॅनेलवर राहिलं आणि पॅनेल गेलं वितळवायला.

काही नंबर पाठ असावेत इतके वारंवार भेटतात. ६ए/७२६ म्हणजे पी८ होकायंत्र: स्पिटफायर आणि हरिकेनमधलं, म्हणजे लढाऊ विमानांतलं. त्याला बाँबरचं होकायंत्र म्हणून कोणी खपवत असेल तर सरळ पुढच्या गाळ्याकडे वळावं. लँकेस्टरसारख्या मोठ्या विमानात याच घराण्यातलं, पण आकाराने मोठं पी४ असे. ६ए/११७४ म्हणजे अ‍ॅस्ट्रो कंपास मार्क दोन (मार्क म्हणजे आवृत्ती): सूर्य-ताऱ्यांवरून विमानाची खरी दिशा ठरवायचं उपकरण, विजेशिवाय चालणारं. हे खरोखर नेव्हिगेटर असलेल्या मोठ्या विमानांचं आहे, पण ते इतक्या प्रचंड संख्येने बनलं की न वापरलेली, मूळ खोक्यातली आजही सहज मिळतात. ‘खोक्यात आहे’ याचा अर्थ ते कधी विमानात चढलंच नाही, असाही होतो.

१०डी/९८ म्हणजे आर११५५ हा रेडिओ रिसीव्हर आणि त्याचा जोडीदार टी११५४ ट्रान्समीटर. ट्रान्समीटरच्या तोंडावर निळी, लाल आणि पिवळी अशी मोठी फिरवायची बटणं असतात, त्यावरून तो फोटोतही ओळखू येतो. लँकेस्टर आणि हॅलिफॅक्सच्या रेडिओवाल्याच्या टेबलावर हीच जोडी होती. पण हीच जोडी किनारारक्षक विमानांत होती आणि समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलणाऱ्या बोटींवरही होती.

मुकुट, मार्क आणि तेरा आकडे: तारीख ठरवताना

६ए हा विभाग युद्ध संपल्यावर बंद पडला नाही. पुढेही अनेक वर्षं तेच नंबर चालू राहिले, म्हणून ‘६ए आहे म्हणजे युद्धकाळातला’ हे चूक. तीन गोष्टी तपासा.

पहिली, मुकुटाचा आकार. १९५२ पर्यंत ब्रिटनमध्ये राजा होता आणि शिक्क्यावरच्या मुकुटाच्या कमानी वर एकसारख्या गोल चढत. राणी एलिझाबेथ आल्यावर कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसू लागल्या. भिंग घेऊन पाहिलं तर छोट्या शिक्क्यातही फरक कळतो.

दुसरी, ‘मार्क’ पुढचा आकडा. युद्धकाळात तो बहुधा रोमन असे: मार्क नववा, चौदावा वगैरे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून साधे आकडे येऊ लागले.

तिसरी आणि सर्वांत पक्की, नाटोचा साठा क्रमांक. ६६१० (उड्डाणाचे मीटर), ६६०५ (दिशादर्शन) किंवा ६६२० (इंजिनाचे मीटर) असे चार आकडे आणि पुढे रेघांनी तोडलेले गट दिसले की ती पाटी युद्धानंतरची. १३ आकडी क्रमांकात दुसरा गट देशाचा: ९९ ब्रिटन, ०० किंवा ०१ अमेरिका, १२ जर्मनी, ७२ भारत. हा क्रमांक रंगाने किंवा स्टिकरने नंतर लावलेला असेल तर आतला मीटर जुना असू शकतो. तो मूळ पाटीतच कोरलेला असेल तर विषय संपला.

तारीखही एकच नसते. मीटर ठरावीक काळाने उघडून दुरुस्त होत आणि त्याची नवी चिठ्ठी किंवा शिक्का लागे. १९४४ च्या डबीत १९५६ ची तबकडी असू शकते. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील, कड्यावर दोन वेळचा रंग असेल, तर डबी उघडली गेली आहे हे धरून चाला.

अमेरिकन माल आणि आपल्याकडचा लिबरेटर

अमेरिकन पाटी वाचायला सोपी, कारण त्यावर वस्तूचं नाव शब्दांत लिहिलेलं असतं. सोबत बनवणारी कंपनी (कोल्समन, पायोनियर, स्पेरी, वेस्टन), टाइप आणि ऑर्डर नंबर. ऑर्डर नंबर ‘डब्ल्यू५३५-एसी’ ने सुरू होत असेल तर तो युद्धकाळातल्या हवाई दलाच्या खरेदीचा करार. ‘यू.एस. आर्मी’ लिहिलेलं असणं बरं. अमेरिकेचं हवाई दल सप्टेंबर १९४७ मध्ये भूदलापासून वेगळं झालं, त्यामुळे ‘यू.एस. एअर फोर्स’ एवढंच असेल तर पाटी त्यानंतरची. ‘एएन’ ने सुरू होणारे नंबर भूदल आणि नौदल दोघांनी मिळून ठरवलेले: एएन ५७३५ दिशेचा जायरो (आत वेगाने फिरणारं चाक असलेला मीटर), एएन ५७३६ कृत्रिम क्षितिज, एएन ५७४० घड्याळ, एएन ५८२० वळण आणि कल दाखवणारा, एएन ५८२५ चढण-उतरणीचा वेग. हे नंबर ठरवलेच होते सगळ्या विमानांना चालावेत म्हणून. त्यामुळे ‘एएन ५७३६, बी-१७ बाँबरमधला’ हे वाक्य निम्मंच सिद्ध करता येतं.

आपल्याकडे या मालाला खरा इतिहास आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी बी-२४ लिबरेटर बाँबर कानपूरला मोडतोड करून सोडून दिले. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्यांतले चाळीसच्या आसपास पुन्हा उडते केले आणि भारतीय हवाई दलाने ते १९६८ पर्यंत वापरले. पुण्याच्या लोहगावहून सहाव्या स्क्वाड्रनचे लिबरेटर समुद्रावर टेहळणी करत. आज जगातल्या संग्रहालयांत उभ्या असलेल्या लिबरेटरपैकी अनेक भारतातूनच गेलेले आहेत. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालयाला मिळालेला त्यांतलाच, आणि एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात लिबरेटरचा भाग सापडणं अशक्य मुळीच नाही.

पण सापडण्याचा संभव जास्त डकोटा या दोन इंजिनांच्या वाहतूक विमानाचा. लिबरेटर आणि डकोटा दोघांचं इंजिन एकाच घराण्यातलं: प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३०. डकोटा हवाई दलात होते, प्रवासी कंपन्यांतही होते. इंजिनाचे कितीतरी मीटर दोन्हीकडे सारखेच दिसतात. फरक करायचा तर असा करावा. एकाच तबकडीवर दोन काटे असतील तर काट्यांची टोकं भिंगाने पाहा. एल आणि आर लिहिलं असेल तर विमान दोन इंजिनांचं. ३ किंवा ४ आकडा असेल तर तिसरं-चौथं इंजिन आहेच. ऑटोपायलटचा भाग हाती आला तर काम आणखी सोपं: डकोटात स्पेरीचा ए-३ असे, हवेवर आणि तेलावर चालणारा, तर उत्तरकालीन लिबरेटरमध्ये हनीवेलचा सी-१, व्हॉल्व्ह असलेला विजेचा. सी-१ हा बाँबसाइटशी, म्हणजे बाँबचा नेम धरायच्या यंत्राशी, जोडण्यासाठीच होता, तेव्हा त्याचा भाग मिळाला तर ‘बाँबरचा’ म्हणायला जागा आहे. आणि सांगाड्याचा तुकडा असेल, तर कन्सॉलिडेटेड कंपनीत लिबरेटर हे ३२ वं मॉडेल होतं आणि त्याच्या सुट्या भागांचे नंबर ३२ ने सुरू होतात. एखाद्या ब्रॅकेटवर ठोकलेला तो ‘३२’ चकचकीत मीटरपेक्षा जास्त मोलाचा.

जर्मन पाटी

इथे शोधायचं ते ‘एफएल.’ आणि पुढचे पाच आकडे. हा मागणी क्रमांक. एफएल. २२२३१ आणि २२२३४ वेगाचे मीटर, २२३२० उंचीचा, २३२३३ पाटिन पद्धतीच्या दूरवाचक होकायंत्राची वैमानिकापुढची तबकडी, २७००२ रेडिओ दिशादर्शनाचा मीटर. कंपनीचं नाव मात्र युद्ध सुरू झाल्यावर बहुधा लपवलेलं असतं, त्याजागी छोट्या लिपीतली दोन-तीन अक्षरं. ‘बीएलसी’ म्हणजे येना गावची कार्ल त्साइस. बाँबसाइटच्या भागांवर ती दिसू शकतात. नळ्यांवरचे आणि मीटरभोवतीचे रंगही बोलतात: पिवळा इंधनाचा, तपकिरी तेलाचा, निळा ऑक्सिजनचा, हिरवा इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा. सांगाड्याच्या तुकड्यावर ८८ ने सुरू होणारा नंबर असेल तर युंकर्स ८८ कडे, १११ ने होत असेल तर हाइंकेल १११ कडे, या जर्मन बाँबरांकडे, बोट दाखवतो.

पाठ फिरवून पाहा

पाटी गेली, तबकडी गंजली, तरी मागची भोकं सांगतात की मीटर काय करत होता. दोन नळ्या, ‘पी’ आणि ‘एस’ अक्षरांच्या, म्हणजे वेगाचा मीटर: एकीत समोरून येणाऱ्या हवेचा दाब, दुसरीत स्थिर हवेचा. फक्त ‘एस’ म्हणजे उंचीचा किंवा चढण-उतरणीचा. आत एकावर एक रचलेल्या पातळ धातूच्या पोकळ चकत्या दिसल्या तर उंचीचा. जाळी लावलेलं हवेचं तोंड आणि एक जाड शोषनळी, आणि डबी आकाराच्या मानाने जड, तर हवेवर फिरणारा जायरो. बारीक लांब तांब्याची नळी आणि टोकाला धातूचा फुगवटा हे तापमापक. ती नळी कापू नका, तिच्यासकट मीटर ठेवा. कापलेली नळी पुन्हा जोडून मीटर चालू करता येत नाही.

विजेची जोडणी असेल तर तारा मोजा. ब्रिटिश ‘डेसिन’ पद्धत एकदिश विजेवर चाले आणि दुरून तीन तारांनी काट्याची जागा कळवे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या झडपा) किती खाली आहेत, टाकीत इंधन किती, हे असं दाखवत. अमेरिकन ‘ऑटोसिन’ २६ व्होल्ट, ४०० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती विजेवर चाले. तबकडीवर बहुतेक वेळा ‘ऑटोसिन’ लिहिलेलंच असतं. हौसेने दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट देणारे इथे फसतात: काटा हलत नाही, वेटोळं तापतं आणि ऐंशी वर्षांचं इन्सुलेशन जळतं. मीटर ‘चालतो का’ हे पाहायचं तर आधी नुसत्या मल्टिमीटरने वेटोळी शाबूत आहेत का, एवढंच पाहावं.

‘बाँबरचा’ असं केव्हा म्हणावं

जे काम फक्त बाँबरमध्येच होई, त्या कामाचा भाग असेल तेव्हा. ब्रिटिशांकडे मार्क चौदा बाँबसाइटचं गणित करणारी पेटी (त्याच साइटच्या अमेरिकेत बनलेल्या आवृत्तीला टी१ म्हणत), बाँब कोणते आणि किती अंतराने सोडायचे ते ठरवणारी निवड-पेटी आणि वितरक, एच२एस रडारचा पडदा. जर्मनांकडे लोत्फे ७ बाँबसाइट. त्याखालोखाल दूरवाचक होकायंत्राचे भाग: त्याचा मुख्य संच शेपटीकडे, इंजिनांच्या लोखंडापासून लांब बसवत आणि दिशा तारेने पुढे पाठवत. एवढा व्याप मोठ्या विमानातच परवडे. ‘गी’ दिशादर्शन संचही याच वर्गातला, पण तो इतर विमानांतही बसवला गेला.

साध्या मीटरला बाँबरशी जोडणारा पुरावा मीटरच्या बाहेर असतो: तो ज्या पॅनेलवर बसला होता त्याचा तुकडा, त्याच ठिकाणी सापडलेला सांगाड्याचा नंबर असलेला भाग, किंवा तो कुठे कधी सापडला याची लेखी नोंद. लँकेस्टर ७,३७७ बनले, बी-१७ १२,७३१, बी-२४ १८ हजारांहून जास्त. यांतल्या नेमक्या एका विमानाशी वस्तू जोडायची तर पडल्याची जागा, तिथला सीरियल नंबर किंवा इंजिनाचा नंबर, आणि हवाई दलाची त्या दिवशीची नोंद, या तिन्हींची गाठ पडावी लागते. आणि जागेवरून उचलायच्या आधी कायदा पाहावा लागतो. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार कोसळलेल्या लष्करी विमानाचे अवशेष परवान्याशिवाय हलवणं गुन्हा आहे. अमेरिकेने २००४ मध्ये बुडालेल्या लष्करी यानांसाठी असाच कायदा केला. अशा अवशेषांत माणसंही असू शकतात, हे त्यामागचं पहिलं कारण.

मातीतून आलेला तुकडा

गंजलेल्या पाटीवर तारेचा ब्रश किंवा पितळ चमकवायची पेस्ट चालवली की दोन मिनिटांत पुरावा जातो. युद्धकाळातल्या बऱ्याच पाट्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या, अक्षरं कोरलेली कमी आणि छापलेली जास्त. आधी गायगर काउंटर, मग मऊ ब्रश, मग ऊर्ध्वपातित पाणी. ते बॅटरीसाठी विकतात तेच, फक्त त्यात अ‍ॅसिड नको. माती निघत नसेल तर बांबूची टोकदार काडी. स्पिरिट आणि थिनर दूर ठेवा, छापलेली शाई त्यात विरघळते.

अक्षरं दिसत नसतील तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च पाटीला जवळजवळ समांतर धरा. उजवीकडून, डावीकडून, वरून, खालून असे चार फोटो काढा. आडव्या उजेडात प्रत्येक खळगा सावली टाकतो, आणि एका दिशेने ‘३’ वाटलेला आकडा दुसऱ्या दिशेने ‘८’ निघतो. ठोकलेले नंबर असतील तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. समुद्रातून आलेली वस्तू वाळू देऊ नका. आत मुरलेलं मीठ वाळताना धातू फोडतं. गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा आणि संवर्धकाला विचारा. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव डबी असेल आणि तिला जाळीदार भेगा असतील, तर ती दाबून पाहू नका, बिस्किटासारखी तुटते.

अडकलेल्या काट्यावरून कहाण्या फार रचल्या जातात: ‘विमान ४,००० फुटांवर होतं तेव्हा…’ आदळताना उंचीच्या मीटरच्या चकत्या चेपतात, दांडे वाकतात आणि काटा वाटेल तिथे अडकतो. त्यापेक्षा विश्वासाची खूण म्हणजे आदळण्याच्या क्षणी काटा तबकडीवर आपटून उठलेला ओरखडा, किंवा काट्याच्या रंगाचा तबकडीला चिकटलेला कण. तो कधीकधी अतिनील दिव्यात दिसतो. अपघात तपासणारे हीच खूण शोधतात, आणि तीसुद्धा दुसऱ्या मीटरशी जुळली तरच धरतात.

नोंद लिहिताना पाचही प्रश्न वेगळे ठेवा. उदाहरणार्थ: ‘अ‍ॅस्ट्रो कंपास मार्क दोन, ६ए/११७४. ब्रिटिश, एअर मिनिस्ट्रीचा शिक्का, राजाचा मुकुट, नाटो क्रमांक नाही. म्हणून १९५२ च्या आधीचा. नेव्हिगेटर असलेल्या मोठ्या विमानांत वापर. कोणत्या विमानातला, याचा पुरावा नाही. रेडियम तपासणी: तारीख, अंतर, वाचन. खोका मूळ, खोक्यावरचा नंबर जुळतो.’ विक्रेत्याने सांगितलेली कहाणी वेगळ्या ओळीत, ‘विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार’ असं लिहून. ती नंतर खरी ठरली तर वरच्या ओळीत नेता येते, पण एकदा पुराव्यात मिसळली की कोणालाही वेगळी काढता येत नाही.